वाचकांचे प्रश्न : पेडल स्टीलचा पिकअप बदलण्याआधी

पेडल स्टील (आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी म्हणजे बार सरकवून वाजवायची, पेडलं असलेली गिटार) आणि हवाईयन गिटार यांच्या पिकअपबद्दल, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबक-कॉइलच्या भागाबद्दल, ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण पुढच्या उत्तरांना त्याचा आधार लागतो.

प्रश्न : दहा तारांची जुनी पेडल स्टील परदेशातून आणवली. ट्यूनिंग ई नाइन्थ, पिकअप सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा). विकणाऱ्याने पिकअप १७.५ किलोओमचा सांगितला होता, मल्टिमीटर १८.४ दाखवतो. वाजवतो कीबोर्डच्या अँपवर. तिसरी तार कानात टोचते. मित्र म्हणतात, २० किलोओमचा पिकअप बसव, आवाज भरीव होईल. मागवू का?
(पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : इतक्यात नको. विकणाऱ्यावर मात्र रागावू नका. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २० अंश सेल्सिअसला १७.५ किलोओम भरणारी कॉइल ठाण्याच्या ३३ अंशांत १८.४ दाखवणारच.

मुळात किलोओम हा आवाजाचा आकडा नाही. ४२ गेजऐवजी ४३ गेजची (गेजचा आकडा मोठा म्हणजे तार बारीक) तार घेतली तर तेवढ्याच वेढ्यांना रोध सव्वापट होतो, आवाजात मात्र त्या प्रमाणात फरक पडत नाही. आवाज ठरवतात वेढ्यांची संख्या, कॉइलचा आकार आणि चुंबक. बांधणी तीच, तारेचा गेज तोच आणि फक्त वेढे वेगळे असतील, तेवढ्यापुरतं तुमच्या मित्रांचं म्हणणं खरं आहे: वेढे जास्त तर आवाज मोठा, मधला भाग भरलेला आणि वरची धार बोथट. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पिकअपचे किलोओम शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय अँपवर आहे. कीबोर्डच्या अँपमध्ये बहुधा ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) असतो. स्टीलसाठीच्या अँपमध्ये १२ किंवा १५ इंची स्पीकर असतो, ट्विटर नसतो, त्यामुळे ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेरच पडत नाही. बोटातल्या पिकांची टकटक आणि बारची खरखर नेमकी त्याच वरच्या भागात असते. तासावर मिळणाऱ्या एखाद्या जॅमरूममध्ये स्टील नेऊन साध्या गिटार अँपवर दहा मिनिटं वाजवा. टोचणं निम्मं कमी झालं तर पिकअपचा खर्च वाचला. अँपवर फिरता मिड (कुठला मधला भाग कमीजास्त करायचा ते निवडता येणारं बटन) असेल तर तो ८०० हर्ट्झच्या आसपास ठेवून ४ ते ६ डेसिबल खाली घ्या आणि ट्रेबल मध्यावर आणा. बरेच वादक ट्रेबल चढवून चमक शोधतात. नाकातला आवाज ८०० हर्ट्झपाशी असतो. तो उतरवला की ट्रेबल वाढवावासा वाटत नाही.

त्यानंतर पिकअपची उंची. मुदत संपलेली एटीएम कार्डं घ्या, चालू कार्डं नकोत. पिकअपच्या चुंबकाने त्यांची पट्टी पुसली जाऊ शकते. एक कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे चार कार्डांची चळत ३ मिलिमीटरची. ती तार आणि पोल (प्रत्येक तारेखालचं पिकअपचं चुंबकी टोक) यांच्यामध्ये जेमतेम सरकेल इतका पिकअप खाली करा आणि तिथून सुरुवात करा. फार जवळ असला तर टंकार मोठा होतो पण नाद लवकर बसतो, जाड तारांवर स्वराबरोबर डळमळता खोटा स्वर ऐकू येतो. फार लांब असला तर आवाज स्वच्छ पण हडकुळा. एका वेळी स्क्रू अर्धाच फेरा फिरवा आणि प्रत्येक फेऱ्यानंतर अँपचा आवाज सारखा करून मगच तुलना करा. मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. ई नाइन्थमध्ये तिसरी तार ०.०११ इंचाची, म्हणजे सगळ्यांत बारीक. पहिली ०.०१३ आणि दुसरी ०.०१५ तिच्यापेक्षा जाड. म्हणून पिकअप पहिल्या तारेच्या टोकाला किंचित खाली, दहाव्याच्या टोकाला किंचित वर, असा तिरपा करून बघा. पोल सुटे फिरणारे असतील तर फक्त तिसऱ्याचा खाली घ्या.

वाजवून बघताना एकाच फ्रेटवर अडकू नका. तिसऱ्या, आठव्या आणि पंधराव्या फ्रेटवर ऐका. पिकअप जागचा हलत नाही, पण बार बाराव्या फ्रेटवर गेला की तारेची लांबी निम्मी होते आणि त्या लांबीच्या मानाने पिकअप चेंजरपासून (तारा जिथे अडकतात त्या टोकाच्या यंत्रापासून) दुप्पट लांब पडतो. म्हणून वर आवाज आपोआप गोल होतो. खाली गोड वाटणारा पिकअप वर कित्येकदा मातकट निघतो, आणि दुकानात तपासणारे बहुतेक जण खालीच तपासतात.

मग केबल. स्टीलला दोन लागतात, स्टील ते व्हॉल्यूम पेडल (पायाने आवाज कमीजास्त करायचं वेगळं पेडल) आणि ते पेडल ते अँप. पेडल पूर्ण दाबलेलं असताना पिकअपला दोन्हींचा भार जाणवतो. साध्या केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता, ती वाढली की वरची धार कमी होते) मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड. पिकअपचं इंडक्टन्स ५ हेन्री आणि त्याची स्वतःची धारिता १०० पिकोफॅरॅड धरली, तर एकूण ३ मीटर केबलवर आवाजाचं शिखर ३५६० हर्ट्झच्या आसपास येतं, ६ मीटरवर ते २६९० पर्यंत उतरतं. कमी खर्चात टोचणी घालवायची तर आधी लांब केबल लावून बघा. उलट आवाज मंद वाटत असेल तर पेडलमधला पॉट (आवाज कमीजास्त करणारा बदलता रोध) ५०० किलोओमचाच आहे ना हे बघा. दुरुस्तीत कोणीतरी २५० चा टाकलेला असतो. पेडल अर्धवट दाबल्यावर वरची धार जाते, ती पॉटचा रोध आणि केबलची धारिता यांमुळे. १ मेगाओम इनपुटचा बफर (पिकअपवर पुढचा भार पडू न देणारं छोटं सर्किट) स्टीलच्या जॅकपाशीच लावला की हा त्रास कमी होतो. मात्र बफर लावल्यावर पुढच्या केबलचा मऊपणाही जातो, तेव्हा टोचणाऱ्या स्टीलला तो लावू नका.

एवढं करूनही पिकअप बदलावासा वाटला, तर बिल लॉरेन्स या पिकअप बनवणाऱ्याचा ७१० बघा. त्याच घरचा ७०५ जास्त उजळ आहे, तुम्हाला तो नको. मागवण्याआधी पहिल्या तारेपासून दहाव्या तारेपर्यंतचं अंतर पिकअपच्या वर मोजा, खाचेची लांबी, रुंदी आणि खोली मोजा, स्क्रूंची जागा कागदावर उतरवून घ्या. इथल्या दुकानांत दहा तारांचा पिकअप शोधण्यात वेळ घालवू नका. बाहेरून मागवलेला न बसणारा पिकअप परत पाठवायला कुरिअरचा खर्च जबर येतो.

प्रश्न : पावसाळ्यानंतर स्टील उघडली तर आवाज अगदी बारीक, पातळ. कॉइल गेली का?
(कळवा)

उत्तर : लक्षण तेच आहे. कॉइल तुटली तरी कधी कधी पातळ, खोल गेलेला आवाज येत राहतो आणि लोक अँपला दोष देतात. केबल काढा, मल्टिमीटर २०० किलोओमच्या रेंजवर ठेवा आणि थेट पिकअपच्या दोन तारांवर मोजा. स्टीलवर आवाजाचा पॉट असेल तर पिकअप त्यापासून सोडवूनच मोजा, नाहीतर पॉटचाच आकडा दिसेल. नुसता १ किंवा ओएल दिसलं तर कॉइल तुटली आहे. दमट हवेत बहुधा कॉइलची तार जिथे जाड तारेला सोल्डर केलेली असते तिथेच हिरवी पडून तुटते. भिंगाखाली टोक दिसलं तर ते जोडता येतं. आतून तुटली असेल तर नवीन वेढे घालावे लागतात, आणि ते काम पंख्याच्या मोटरी गुंडाळणाऱ्याकडे देऊ नका. त्यांची तार ०.२ मिलिमीटरच्या आसपासची, ही ०.०६ ची, ताण जरा वाढला की तुटते. पुढच्या पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की वाळवून घ्या.

प्रश्न : घरी ठीक चालते, पण गणपती-नवरात्रीच्या कार्यक्रमांत स्टीलमधून घूं असा आवाज येतो. हंबकर बसवला तर माझा सिंगल कॉइलचा आवाज जाईल का?
(कोपरखैरणे)

उत्तर : आधी तो येतो कुठून ते ठरवा. व्हॉल्यूम पेडल पूर्ण बंद करा. तरीही येत असेल तर दोष पेडलच्या पुढे, केबलमध्ये किंवा अँपमध्ये. पेडलबरोबर कमी होत असेल तर स्टीलकडचा. आता तारांना हात लावा: लगेच गेला तर दोष स्टीलच्या आतल्या शिल्डिंगचा (बाहेरची घरघर अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा) किंवा अर्थिंगचा असू शकतो, पिकअप बिचारा निर्दोष आहे. हात लावूनही राहिला आणि स्टील पायांसकट थोडी फिरवली की कमीजास्त झाला, तर मात्र तो पिकअपमध्येच शिरतो आहे. मंडपातले दिव्यांचे डिमर, एलईडी भिंतीचे पॉवर सप्लाय आणि तुमच्याच अँपचा ट्रान्सफॉर्मर हे त्याचे उगम. अँप दोन मीटर मागे न्या आणि सर्वांत शांत कोन सापडला की तिथेच बैठक मांडा.

अँपची अर्थची पिन काढायचा सल्ला मंडपात हमखास मिळतो. तो ऐकू नका. स्टील वाजवणाऱ्याचे हात सतत धातूवर असतात आणि तोंडासमोर बऱ्याचदा माइक असतो.

हंबकरमध्ये दोन कॉइल उलट वेढ्यांच्या आणि उलट चुंबकाच्या असतात, त्यामुळे बाहेरची घरघर एकमेकांत जिरते. दोन्ही एकापुढे एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडल्या की आवाज जाड होतो. तुमची भीती तिथे खरी आहे. त्यावर बहुतेक जण एक कॉइल बंद करणारा स्विच लावतात, पण मग घरघर परत येते, म्हणजे मूळ कामच फसलं. त्यापेक्षा चार तारांचा हंबकर घ्या आणि डीपीडीटी (एकाच वेळी दोन जोडण्या बदलणाऱ्या) स्विचने सीरिज-पॅरलल जोडणी करा. ९ किलोओमच्या दोन कॉइल सीरिजमध्ये १८, पॅरललमध्ये ४.५ भरतात, आवाज थोडा लहान होतो, पण उजळ, सिंगल कॉइलच्या जवळचा, आणि घरघर तरीही जिरलेलीच राहते. चार तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, तेव्हा पिकअपबरोबरचा कागद बघूनच सोल्डर करा. एक कॉइल उलटी जोडली गेली तर आवाज पातळ होतो आणि घरघर वाढते. चूक लगेच ओळखू येते.

प्रश्न : माझी सहा तारांची हवाईयन गिटार अकूस्टिक आहे, भोकावर पिकअप आहे. तिला पेडल स्टीलसारखा आवाज हवा. पेडल स्टीलचा पिकअप बसेल का?
(नेरूळ)

उत्तर : नाही. दहा तारांच्या पिकअपचा पसारा तीन इंचांहून थोडा जास्त, तुमच्या सहा तारा घोडीपाशी साधारण दोन इंचांत. पोल तारांखाली येणारच नाहीत. शिवाय स्वर चालू असताना तो सरकत दुसऱ्या स्वरावर जातो, ती करामत पेडलांची आणि गुडघ्याच्या दांड्यांची. पिकअपचा तिच्याशी संबंध नाही.

आवाजाचा पोत मात्र बराच जवळ आणता येतो. भोकावरचा पिकअप घोडीपासून १५ सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून आवाज बासरीसारखा गोल येतो. स्टीलचा पिकअप चेंजरला जवळजवळ चिकटून असतो. घोडीपासून ४ सेंटिमीटरवर पिकअप आणला की निम्मं काम झालं. त्यासाठी गिटारची पाटी कापू नका. जाझ गिटारवर तरंगता लावतात तसा पातळ पिकअप घ्या. तुमच्या तारा उंच आहेत, जागा पुरेल. शक्यतो पट्टीचा घ्या, सुट्या पोलांचा नको, म्हणजे तारांच्या अंतराची चिंता राहत नाही.

आणि गिटारला ब्राँझच्या तारा असतील तर आधी त्या उतरवा. ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे गुंडाळलेल्या तारा दबतात आणि साध्या दोन किंचाळतात. हा दोष पिकअपचा समजून लोक पिकअप बदलत बसतात. इलेक्ट्रिक गिटारच्या निकेलच्या तारांचा संच चढवा, तोही जाड गेजचा, कारण बारच्या वजनाखाली बारीक तारा खाली दबून खडखडतात. पिकअपची उंची पहिल्या उत्तरातल्या चार कार्डांवरूनच ठरवा. त्यानंतर पैसे उरले तर ते व्हॉल्यूम पेडलवर घाला: टंकार पेडल थोडं बंद ठेवून मारायचा आणि नाद उतरू लागला की पेडल उघडत न्यायचं. पेडल स्टीलचा म्हणून जो लांबलेला स्वर ओळखीचा आहे, तो मोठ्या अंशी याच पायातून येतो.