कॉलेजच्या आवारातल्या पाच गुंठ्यांत गरजूंसाठी भाजी पिकवायची आहे, सुरुवात कशी करावी?

पुण्यातल्या कॉलेजात पाच गुंठे जागा आहे, मुलं तयार आहेत आणि भाजी गरजूंना मोफत द्यायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं पहिलं सांगणं: बियाणं आणण्याआधी ती भाजी जिथे शिजणार ते स्वयंपाकघर बघून या.

वृद्धाश्रमात शंभर माणसांचा स्वयंपाक दोन बायका करत असतील, तर दहा किलो मेथी म्हणजे त्यांच्या डोक्याला ताप. निवडायला कोण बसणार? त्यांना दुधी, भोपळा, वांगी, मुळा द्या. वस्तीत घरोघरी वाटणार असाल तर मात्र पालेभाजीची जुडी उत्तम. ती त्याच दिवशी शिजते आणि फ्रिज लागत नाही.

मग जमीन. आवारातल्या मोकळ्या जागेखाली बहुतेकदा बांधकामाचा राडारोडा असतो. चार-पाच ठिकाणी फूट-दीड फूट खणून बघा. विटा-सिमेंट निघालं तर ती पट्टी सोडा किंवा वर चांगली माती टाका. माती परीक्षण करून घ्या. काळी, चुनखडीची जमीन असेल तर कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता, युरियाने जात नाही. गुंठ्याला साधारण २०० किलो कुजलेलं शेणखत घाला. कच्चं घातलंत तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण फुकट मिळेल. गादीवाफा (माती उंच करून केलेला वाफा) तीन-साडेतीन फुटांपेक्षा रुंद नको, नाहीतर मुलं मधोमध पाय देतात आणि माती दबते.

पाण्याचा हिशेब आधी मांडा: हिवाळ्यात गुंठ्याला रोज सुमारे ४०० ते ५०० लिटर, कडक उन्हाळ्यात ७०० ते ८००. बोअर एवढं देत नसेल तर तीनच गुंठे करा. ओढ्या-नाल्याचं पाणी पालेभाजीला अजिबात नको. खाणाऱ्यांत म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत.

असे प्रयोग बहुधा वेळापत्रकामुळे मोडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षा, मग दिवाळी, एप्रिल-मेमध्ये पुन्हा परीक्षा आणि सुट्टी. पिकाला यातलं काही कळत नाही. म्हणून जूनमध्ये एका भागात ताग पेरा (गुंठ्याला अर्धा-पाऊण किलो) आणि फुलावर येताना, ४०-४५ दिवसांनी, मातीत गाडून टाका, त्याचं हिरवळीचं खत होतं. बाकी जागेत पावसाळ्यात भेंडी, गवार आणि मांडवावर दोडका-दुधी. मेथी-कोथिंबीर तेव्हा पावसाच्या माराने सडते. खरा हंगाम दिवाळीनंतरचा: मेथी (गुंठ्याला २५० ते ३०० ग्रॅम बी, २५-३० दिवसांत तयार), पालक, मुळा, आणि धणे रगडून दोन फोडी करून पेरलेली कोथिंबीर. सगळं एकदम पेरू नका. चार भाग करून दर आठ-दहा दिवसांनी एक भाग पेरा, नाहीतर एका आठवड्यात ढीग आणि पुढचे तीन आठवडे वाफे रिकामे.

सुट्टीसाठी लाल भोपळा. जानेवारीत लावला की एप्रिलअखेर ते मेमध्ये काढणीला येतो. देठासकट तोडून सावलीत, हवेशीर जागी ठेवला तर दोन महिने सहज टिकतो, म्हणजे मुलं गावी गेली तरी वाटप थांबत नाही. तरी मे महिन्यात पाणी द्यायला एक माणूस पगारी ठेवाच. स्वयंसेवकांच्या यादीवर बाग जगत नाही.

कीड आली तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला पाऊण किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळून. फवारायचं संध्याकाळी. भेंडीचं पान शिरांपासून पिवळं पडू लागलं की ते झाड उपटून लांब टाका, औषध शोधत बसू नका. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. त्यामुळे शेजारच्या झाडांवर लक्ष ठेवा.

तोडणी सकाळी आठच्या आत. पालेभाजी ओल्या गोणपाटात गुंडाळून, क्रेटमध्ये सैल भरून दुपारच्या आत पोचवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलीत तर दोन-तीन तासांत घाम सुटून काळी पडते. निघताना वजन करून वहीत लिहा, आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरात फोन करून काय उरलं ते विचारा. पुढची पेरणी त्यावर ठरवा.