सायकलवर कॅमेरा लावून व्हिडिओ टाकले तर कोल्हापुरात रस्तासुरक्षेची जागृती होईल का? कुठला कॅमेरा घ्यावा?

बालिंग्याहून रोज सायकलनं कामाला येता, तर टाकाच व्हिडिओ. पण मॉडेलच्या आधी जागा ठरवा. आपल्याकडं सगळ्यांना हेल्मेटवरच कॅमेरा हवा असतो आणि मला ते अजिबात पटत नाही. हेल्मेटवरचा कॅमेरा मान वळेल तिकडं बघतो आणि धोका येतो मागून. एकच परवडत असेल तर सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, मागं तोंड करून, किंचित उजवीकडं वळवून लावा.

तुमच्याच रस्त्याचं घ्या. गाळप हंगामात संध्याकाळी कुडित्र्याच्या साखर कारखान्याकडं उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर निघालेला असतो. ट्रॅक्टर पुरेशी जागा सोडून पुढं जातो. मग ड्रायव्हरला वाटतं सायकल मागं पडली, तो डावीकडं घेतो आणि दुसरी ट्रॉली तिरकी आत येते, मोळ्यांतून बाहेर आलेले ऊस थेट खांद्याजवळ. मागच्या कॅमेऱ्यात हे पहिल्यापासून दिसतं, तुम्ही कडेची रेघ सोडली नव्हती हेसुद्धा. ट्रॉलीवाल्यांना दाखवायचं ते हेच. शिव्या आणि भांडणं टाकून कोणी सुधारत नाही.

मात्र वाइड लेन्स अंतर वाढवून दाखवते. हातभरावरून गेलेली गाडी लांब वाटते आणि खाली कमेंटमध्ये 'एवढी जागा होती की' असं येतंच. म्हणून हँडलच्या उजव्या टोकापासून १ आणि १.५ मीटरवर जमिनीवर खडूनं दोन समांतर रेघा मारा, मागं पाच-सहा मीटर लांब. सायकल कोणाला तरी सरळ धरायला लावून रेकॉर्ड करा आणि त्या रेघा एडिटिंगमध्ये क्लिपवर ठेवा. अंतर चाक जमिनीला टेकतं तिथं मोजायचं, ट्रॉलीच्या वरच्या कडेवरून नाही. कॅमेऱ्याचा कोन जरा हलला तरी रेघा नव्यानं. उजवीकडची गाडी फ्रेममध्ये डावीकडं दिसेल. चित्र उलटं करू नका, नंबर वाचता येणार नाही.

कॅमेऱ्याचं सेटिंग: १०८० पी, सेकंदाला ६० फ्रेम, पाच मिनिटांच्या लूप क्लिप, म्हणजे कार्ड भरलं की जुनी क्लिप पुसून नवी लिहिली जाते. ३० एमबीपीएसला (सेकंदाला ३० मेगाबिट) तासाला साधारण १३.५ जीबी जातात, म्हणजे ६४ जीबीत चार तास आरामात. कार्ड हाय एंड्युरन्सचंच घ्या, साधं कार्ड सतत पुसून-लिहून लवकर मरतं. रात्री हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेट पांढरी पडते, तेव्हा नंबर मोठ्यानं बोला, माइकमध्ये येतो. पावसाळ्यात मागं मडगार्ड नसेल तर लेन्स चिखलानं भरलीच म्हणून समजा. काच आतून धुरकट होत असेल तर रात्री कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा.

पोलिसांत तक्रार द्यायची असेल तर मूळ फाइल न कापता जपा आणि कॅमेऱ्याची तारीख-वेळ आधीच नीट लावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार कोर्टात अशा फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूही असते, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा. लोकांसाठी टाकताना चेहरे आणि नंबर झाका.

आणि हो, कॅमेऱ्यासाठी मागचा लाल दिवा काढू नका. सीटपोस्टवर जागा नसेल तर दिवा कॅरिअरला बांधा. तेवढीही जागा नसेल तर कॅमेरा राहू दे, दिवा पाहिजेच.