संध्याकाळी भरून येणारी कंबर: पट्टा राहू द्या, आधी कामाची मांडणी बघा

गोदामात दिवसभर खोकी उचलता, दुपारनंतर कंबर भरून येते, रात्रीच्या झोपेने उतरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कमरपट्टा घ्यावा की व्यायाम सुरू करावा, असं तुम्ही विचारलंय. माझं उमेदीचं सगळं आयुष्य माल चढवण्या-उतरवण्यात गेलंय, आता नव्या पोरांना तेच शिकवतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

झोपेने उतरतं म्हणजे बहुतेक थकवाच आहे. कोणीतरी 'मणक्यातली गादी सरकली असेल' म्हणालं म्हणून लगेच एमआरआय काढायला धावू नका. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात पाठदुखी नसलेल्यांचे स्कॅन तपासले होते. गादीची झीज विशीतल्या 37 टक्के लोकांत दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांत. रिपोर्टमध्ये काहीतरी निघणारच, आणि ते वाचून माणूस उगाच वाकायला घाबरतो.

आता मुख्य मुद्दा. खोकं किती किलोचं आहे हे सगळे विचारतात, ते अंगापासून किती लांब आहे हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेचं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे. सगळं मनासारखं असेल, म्हणजे हात घोट्यांपासून 25 सेंटीमीटर पुढे, उंची सोयीची, कुठे वळायचं नाही, तर मर्यादा 23 किलो. हात 50 सेंटीमीटर पुढे गेले की तीच मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. खोकं तेच, माणूस तोच.

तुमच्याकडेही पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या फळीच्या, पलीकडच्या कोपऱ्यातलं खोकं सगळे अलीकडूनच हात लांबवून ओढत असतील. कंबर तिथेच जाते. पॅलेटला वळसा घालून पलीकडे जा. जागा नसेल तर खोकं आधी कडेपर्यंत सरकवत आणा, पोटाला टेकलं की मगच उचला. ठेवताना कमरेतून पिळू नका, पावलं वळवा. नाक आणि पायाचे अंगठे एकाच दिशेला हवेत, एवढंच मी पोरांना सांगतो.

'गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा' ही पाटी सगळीकडे लावलेली असते. नुसत्या अशा प्रशिक्षणाने कंबरदुखी कमी होते, असं संशोधनात काही दिसलेलं नाही. मला त्याचं नवल वाटत नाही, कारण दिवसभर प्रत्येक खोक्यासाठी उकिडवं बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यापेक्षा कुल्ले मागे ढकलून खुब्यातून वाका, गुडघे थोडे सैल ठेवा. खाली पडलेली हलकी वस्तू उचलायची तर एका हाताने आधार घ्या आणि एक पाय मागे उचलून वाका.

दुसरं, उचलण्यापेक्षाही जास्त थकवतं ते ओणवं राहणं. लेबल चिकटवणं, टेप मारणं, जमिनीवरचा माल निवडणं, सगळं यातच आलं. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि भार मागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, लोंबकळतो. ते हळूहळू ताणले जातात आणि सरळ उभं राहिलं तरी लगेच मूळ जागी येत नाहीत. म्हणून बराच वेळ ओणवं काम केल्यावर किंवा गाडीत बसून आल्यावर लगेच जड खोक्याला हात घालू नका. दोन-चार मिनिटं उभं राहा, कमरेवर हात ठेवून हलकेच मागे वाका, मोकळं चाला. आणि खाली दोन रिकामी पॅलेटं टाकून कामच वर आणा. इतका स्वस्त इलाज दुसरा नाही.

सकाळचा पहिला तासही जपा. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. 1998 च्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्यांना सकाळी वाकणं टाळायला सांगितलं, तर त्यांच्या दुखण्याचे दिवस कमी झाले. खालच्या थरातला माल नंतर घ्या.

पट्ट्याबद्दल थोडक्यात: 160 दुकानांमध्ये माल हाताळणाऱ्या हजारो कामगारांची पाहणी 2000 साली प्रसिद्ध झाली. पट्टा लावणारे आणि न लावणारे यांच्या कंबरदुखीत फरक दिसला नाही. पैसे वाचवा.

व्यायाम जरूर करा, पण ताकदीपेक्षा दमासाठी. ओणवं रांगत एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ करून आठ-दहा सेकंद धरा, मग बाजू बदला. कुशीवर कोपराच्या आधाराने अंग उचलून धरणं हा दुसरा. शिफ्ट संपल्या संपल्या, अंग गळालेलं असताना नको. सुट्टीच्या दिवशी अंथरुणात पडून राहू नका, हात मोकळे सोडून चाला. रोज वेदनाशामक गोळी घेऊन शिफ्ट ओढणं मात्र बंद करा.

बसायच्या जागी बधीरपणा आला, लघवी अडली किंवा ताबा सुटला, पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, उद्यावर टाकू नका. ताप येत असेल, कारण नसताना वजन घटत असेल किंवा आडवं पडूनही दुखणं थांबत नसेल, तरी डॉक्टरांना दाखवा.

तुमची खोकी साधारण किती किलोची आहेत आणि किती उंचीवरून उचलता ते कळवा, म्हणजे आधी काय बदलायचं ते नेमकं सांगता येईल.