ग्राइंडर हातात घेण्याआधी

फॅब्रिकेशनच्या शॉपला लागलास, छान झालं. वेल्डिंगचा धाक सगळ्यांनाच असतो, पण माझ्या पाहण्यात नवी पोरं जखमी होतात ती चार इंची ग्राइंडरवर. मिनिटाला ११,०००च्या आसपास फेरे मारतं ते.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- गार्ड, म्हणजे डिस्कवरचं पत्र्याचं झाकण, काढायचा नाही. ‘कोपऱ्यात जात नाही’ म्हणून कुणीतरी जुना माणूसच काढून दाखवेल. कोपरा कानशीने घास. मी एकदा काढला होता. डिस्क फुटली आणि तुकडा मागच्या पत्र्यात रुतून बसला. दोन फूट डावीकडे मी उभा होतो.
- कटिंगच्या पातळ डिस्कने घासू नकोस. आडवा दाब आला की फुटते. घासायची डिस्क जाड, वेगळी. डिस्कवर छापलेला आरपीएम (मिनिटाचे फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको. मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदत असते, तीही बघ.
- डिस्क बदलताना प्लगच काढ, नुसता स्विच नव्हे. नवी डिस्क मिनिटभर रिकामी फिरव, तोंड बाजूला ठेवून.
- गॉगल लाव. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. कण गेलाच तर चोळू नकोस. शॉपमध्ये काडीने कण काढणारा एक ‘एक्स्पर्ट’ असतोच, त्याच्यापासून लांब राहा. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

गमछा, कडं, सैल बाह्या घरी ठेव. ठिणग्या जातात त्या बाजूला थिनरचा डबा नाही ना, हे आधी बघ.

फ्लॅप डिस्क, कप ब्रशचं महिनाभराने बोलू.