मुलीच्या हातावर गरम वरण सांडलं, टूथपेस्ट लावली, आता फोड आलेत. दवाखान्यात न्यावं का?

हो, आजच न्या. मुलगी चार वर्षांची, काल रात्री मनगटावर आणि बोटांवर वरण सांडलं, आजींनी लगेच पेस्ट लावली, असं तुम्ही लिहिलंय. लहान मूल, हाताचा पंजा आणि त्यावर फोड, एवढं असलं की घरी वाट बघायची नसते. मी बर्न्स वॉर्डात सिस्टर आहे, म्हणून ठामपणे सांगतेय.

निघण्याआधी तिच्या हातातली बांगडी, अंगठी, दोरा काढा. सूज चढली की ते रुततं आणि बोटांचं रक्त अडतं. पेस्ट खरवडू नका, फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैलसर गुंडाळा आणि लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या, धनुर्वाताची लस कधी झाली ते विचारतील.

आजींना दोष देऊ नका, घरोघरी हेच करतात. पण पेस्ट, हळद, शाई, तूप यांनी जखम झाकली जाते, मग ती किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही, आणि हे सगळं धुऊन काढताना मूल पुन्हा कळवळतं. खरा उपचार नळाचं गार, वाहतं पाणी. पूर्ण वीस मिनिटं. भाजल्यापासून तीन तासांच्या आत कधीही सुरू केलं तरी फायदा होतो. वरण पुसलं तरी कातडीत मुरलेली उष्णता आत भाजत राहते, आणि वरण तर दाट, चिकटून बसतं. बर्फ मात्र नको, त्याने रक्तवाहिन्या आकसून जखम वाढते. लहान मुलाच्या जखमेवर पाणी धरताना बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, मुलं पटकन गारठतात.

“आता रडत नाही, म्हणजे बरं आहे” यावर विसंबू नका. लालबुंद, झोंबणारी जखम बहुधा वरवरची असते. पांढरट, कोरडी, हात लावला तरी न दुखणारी जखम खोल असते, कारण तिथल्या नसाच जळलेल्या असतात.

पुढचे काही दिवस ताप, उलट्या, जुलाब, अंगावर पुरळ किंवा मलूलपणा दिसला तर रात्रीसुद्धा थांबू नका. लहान मुलांत छोट्याशा भाजण्यातूनही जंतूंचं विष रक्तात भिनू शकतं. हे क्वचित होतं, पण फार झपाट्याने वाढतं.

मला जास्त काळजी वाटते ती जखम भरल्यानंतरची. भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले तर वण जाड होऊन आखडण्याची शक्यता वाढते. बोटं वाकडी होतात, जवळजवळची एकमेकांना चिकटतात. म्हणून प्रत्येक बोटाचं ड्रेसिंग वेगळं झालंय ना, हे स्वतः बघा. मूल वाढतं, हाडं वाढतात, वण मात्र त्या वेगाने ताणला जात नाही, आणि मग काही वर्षांनी ऑपरेशन करावं लागतं. रात्री बोटं सरळ ठेवणारी कडक पट्टी (स्प्लिंट), बोटांचे व्यायाम, गरज पडली तर घट्ट दाबाचा हातमोजा, हे महिनोन्‌महिने चालतं. मूल रडतं म्हणून आईवडील व्यायाम सोडतात. त्यांचा जीव तुटतो हे मी रोज बघते. तरीही सोडू नका. व्यायामाआधी अर्धा तास वेदनेचं औषध देता येईल का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.