एसीतही घाम? आधी नाडी मोजा

प्रश्न : वय ३४, ऐरोली. एसी लावूनही मला घाम येतो, नवरा मात्र चादर ओढतो. खाणं वाढलंय, तरी चार महिन्यांत ५ किलो वजन उतरलं. सासूबाई म्हणतात, उष्णता झाली, सब्जा पी.

सब्जा जरूर प्या, पण थायरॉईडची तपासणी लांबवू नका. ऑक्टोबरचा उकाडा सगळ्यांनाच छळतो. पण भूक वाढूनही वजन उतरत असेल, तर थायरॉईड जास्त काम करतेय का, ते आधी पाहायला हवं. सकाळी अंथरुणातच पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. दोन्ही हात समोर ताठ धरून बोटांवर साधा कागद ठेवा. बोटांची बारीक थरथर कागदाच्या कडेला लगेच दिसते. नाडी रोज ९० च्या वर असेल किंवा कागद थरथरत असेल, तर याच आठवड्यात टीएसएच, फ्री टी३ आणि फ्री टी४ या थायरॉईडच्या रक्ततपासण्या करून घ्या.

केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर ते तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद करा. त्यामुळे काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होऊ शकते. वर्षभरात बाळंतपण झालं असेल, तर तेही सांगा. तेव्हा थायरॉईडला येणारी सूज बहुधा आपोआप उतरते, तिला कार्बिमॅझोल, म्हणजे थायरॉईडचं काम कमी करणारी गोळी, लागत नाही. ही गोळी चालू असताना ताप आणि घसादुखी झाली, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी करा. पांढऱ्या पेशी धोकादायक कमी झालेल्या असू शकतात.

प्रश्न : वय ४७, नौपाडा. लोकलमध्ये अचानक छातीपासून चेहऱ्यापर्यंत आग होते, घाम फुटतो, मग थंडी वाजते. पाळी दोन-तीन महिन्यांनी येते.

हे पाळी जाण्याच्या काळातले हॉट फ्लश दिसतात. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतलं तापमानाचं नियंत्रण हळवं होतं, किंचित उष्णतेनेही घाम सुटतो. या वयात एफएसएच (पाळीशी संबंधित हार्मोन) तपासण्यात पैसे घालवू नका, ते सारखं वरखाली होतं. टीएसएच मात्र करा. झोप उडत असेल तर मुकाट सोसू नका, हार्मोनच्या गोळ्या किंवा पॅच उपयोगी पडतात. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील, तर ते आधी सांगा. मग वेगळी औषधं देता येतात.

प्रश्न : वय २६, नेरूळ. पीसीओएसमुळे (अंडाशयाच्या हार्मोनच्या त्रासामुळे) उष्णता वाढते का?

सहसा नाही. पाळीआधीचे दहा-बारा दिवस अंग ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने गरम असतं, ते नैसर्गिक आहे. पण संध्याकाळी थर्मामीटर १००.४ फॅरेनहाइटच्या वर जात असेल, तर तो ताप आहे. सोबत रात्री कपडे भिजवणारा घाम, खोकला असेल, तर टीबीची तपासणी करून घ्या.

प्रश्न : वय ४१, घोडबंदर रोड. वजन उतरावं म्हणून थायरॉईडची गोळी मीच ७५ वरून १२५ मायक्रोग्रॅम केली. आता धडधडतं आणि गरम होतं.

उद्यापासून पुन्हा ७५ च घ्या आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. जादा डोसने चरबीसोबत स्नायू झडतात, हाडं ठिसूळ होतात, ठोक्यांची लय बिघडू शकते. टीएसएच पुन्हा ६ ते ८ आठवड्यांनी तपासा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ठोके अनियमित लागले, तर थांबू नका, लगेच इस्पितळात जाऊन ईसीजी काढा.