पोल्ट्रीतून सोडवून आणलेल्या लेअर कोंबड्यांना घरी काय खायला घालावं?

तुम्ही लिहिलंय की पोल्ट्रीचं शेड रिकामं होताना आठ लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्या घरी आणल्यात, घरची ज्वारी भरपूर आहे, तीच घातली तर चालेल का, आणि महिन्याला अंडी किती मिळतील. ज्वारीचं आधी सांगते. आत्ता घालू नका. शेडमध्ये जो लेअर मॅश, म्हणजे पिठासारखं दळलेलं तयार खाद्य, खात होत्या तोच आणा, जमलं तर त्याच कंपनीचा, आणि पहिले पंधरा दिवस दुसरं काही पुढं ठेवू नका.

एवढं ठासून सांगते कारण माझ्या बारांपैकी पाच कोंबड्या नुसती ज्वारी घातल्यापायी मेल्या. आणि माझे धाकटे दीर आजही पंगतीत, पाहुण्यांसमोर म्हणतात, "वहिनीनं खाऊ घालून घालून मारल्या." तुमचा प्रश्न वाचला आणि ते सगळं पुन्हा वर आलं.

आम्ही परभणी तालुक्यातले. फाल्गुनात कपाशीच्या रानासाठी कोंबडखत आणायला आम्ही दोघं ट्रॅक्टर घेऊन एका शेडवर गेलो होतो. त्याच दिवशी शेड रिकामं करायलं होते. पिंजऱ्यातून एकेक कोंबडी पाय धरून ओढायची आणि क्रेटमध्ये कोंबायची. या कोंबड्यांना पिंजऱ्यात एकीला साधारण ४५० चौरस सेंटीमीटर जागा मिळते, ए-फोर कागदसुद्धा त्याहून मोठा असतो. वर्ष-सव्वा वर्ष त्या जाळीवर उभ्या. मानेवर पीस नाही, पाठ लालभडक, तुरा पांढुरका पडून एका डोळ्यावर लोळलेला. मला बघवलं नाही. किलोवर विकत होते, बारा घेतल्या. एकही दीड किलो भरली नाही.

घरी आणल्या तर भाऊजी गोठ्यातून बघायला आले. म्हशी, शेळ्या सगळं त्यांच्याच हाताखाली, जनावराच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द. म्हणाले, "वहिनी, कोंबडीला काय खाऊ घालायचं असतंय का? उकिरडा आहे, मूठभर ज्वारी टाका. आपल्या कोंबड्या काय मॅश खायल्यात का?" समोर आमच्या गावरान कोंबड्या उकिरडा उकरून किडे वेचत होत्या, त्यामुळं मलाही ते पटलं. परातीत ज्वारी टाकली, घमेल्यात पाणी ठेवलं आणि दोन दिवस मी निर्धास्त होते. त्या दोन दिवसांचं मला आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन मेलेल्या होत्या. मग मी ओट्यावर बसून नुसतं बघत राहिले. एक कोंबडी परातीजवळ आली. तिची वरची चोच जवळजवळ अर्धी छाटलेली. एकमेकींना टोचू नयेत म्हणून पिल्लूपणीच तापलेल्या पात्यानं छाटतात, त्यामुळं खालची चोच चमच्यासारखी पुढं आलेली. दाणा चिमटीत धरायला दोन्ही टोकं जुळावी लागतात, तिची जुळतच नव्हती. टोचलं की दाणा उडून वीतभर लांब जायचा. ती तिथं जाऊन पुन्हा टोचायची. मी मोजलं, अकरा वेळा टोचलं आणि एक दाणा आत गेला नाही. मग मान आखडून उभी राहिली. बाकीच्या तर परातीकडं बघतही नव्हत्या. जन्मभर पीठ खाल्लेल्या कोंबडीला ज्वारी हे खाणं आहे हेच ठाऊक नसतं.

पाण्याचंही तेच. शेडमध्ये त्या पाइपच्या निपलला, म्हणजे बारीक तोटीला, चोच लावून थेंब थेंब पितात. घमेलं भरलेलं होतं, आणि चार कोंबड्या टाकीच्या ठिबकत्या नळाखाली माना वर करून उभ्या होत्या. तुमच्या आठही जणींना एकेक करून हातात घ्या, चोचीचं टोक पाण्यात बुडवा, आणि हे दिवसातून तीन-चार वेळा करा. दोन दिवसांत शिकतात.

त्याच दिवशी मी मॅशचं पोतं आणवलं. तोवर आणखी दोघी गेल्या. पाचवी मॅश आल्यावर मेली, आणि भाऊजींना तेवढंच पुरलं. "बघा, जड खाणं झालं." मी विळीवर तिच्या गळ्याखालची पिशवी चिरली. आत दोन खडे आणि पिसाचा एक तुकडा, बाकी काही नाही. भाऊजींना बोलावून दाखवली. ते म्हणाले, मेल्यावर रिकामी होते. होत नाही. जे खाल्लेलं असतं ते मेल्यावरही पिशवीत तसंच राहतं, गावरान कोंबडी कापणाऱ्या कुणालाही विचारा. ती उपाशी मेली. पाचही उपाशी मेल्या.

उरलेल्या सात कशा वाचल्या ते बघा, कारण तुमच्या कामाचं तेच आहे. आमच्याकडं ठिबकच्या कामातून उरलेला चार इंची पीव्हीसी पाइप होता. तो उभा फाडून पन्हाळीसारखा केला, दोन्हीकडं विटा लावून त्यांच्या छातीएवढा उंच ठेवला आणि त्यात मॅश ओतला. पिंजऱ्यासमोर खाण्याची पन्हाळ अशीच असते. पाइप ठेवून मी मागं सरले नाही तोच सातही जणी ओळीनं येऊन उभ्या राहिल्या, एकीच्या अंगाला अंग लावून, जणू मध्ये जाळी आहे. आणि खायला लागल्या. त्या आवाजानं मला रडू आलं. मॅश खोल आणि दाट भरा, पातळ थर पसरू नका. छाटलेल्या चोचीला पीठ उचलायला खोली लागते. पहिले चार दिवस ताकात ओलसर कालवून दिला तर जास्त खातात, फक्त उन्हात दोन तासांच्या वर ठेवू नका, आंबतो.

एका कोंबडीला दिवसाला १०० ते ११० ग्रॅम धरा. पिसं नसलेली कोंबडी थंडीत याहून जास्त खाते, खाऊ द्या.

मग मॅशच का, ज्वारीत काय वाईट? वाईट काही नाही. पण ज्वारीत प्रथिनं साधारण १० टक्के, लेअर मॅशमध्ये १६ ते १८. पीस हे जवळजवळ सगळं प्रथिनांचंच बनतं, आणि तुमच्या कोंबडीला अख्खं अंग झाकायचंय. चुन्याचं तर विचारूच नका. एका अंड्याच्या कवचात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं आणि ज्वारीत ते नावापुरतं असतं. कोंबडी अंडं थांबवत नाही, हाडातून काढून देते. पिंजऱ्यातल्या कोंबडीची हाडं आधीच पोकळ झालेली असतात, वट्ट्यावरून उडी मारली तरी पाय मोडतो. म्हणून मॅशच्या जोडीला पशुखाद्याच्या दुकानातले शिंपले वेगळ्या भांड्यात ठेवा, संध्याकाळी तर नक्की, कारण कवच रात्री तयार होतं. पानाला लावायचा चुना मात्र कालवू नका.

पंधरा दिवसांनी बारीक वाळू किंवा मुरुमाचे खडे द्या, मग चिरलेला शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर. चिरूनच द्या, लांब गवत पिशवीत गोळा होऊन बसतं. महिन्यानंतर ज्वारीची भरड, एकूण खाण्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. त्याहून जास्त नको, आणि अख्खी ज्वारी तर मी आजही घालत नाही.

दोन गोष्टी आपल्या भागात घरोघरी असतात म्हणून सांगते. कच्चं सोयाबीन घालू नका, भाजून किंवा शिजवूनच द्या, नाहीतर अंगी लागत नाही आणि उलट त्रास होतो. आणि सरकी पेंड अजिबात नको. वैशाखात भाऊजींनी म्हशीच्या टोपल्यातली भिजवलेली पेंड मला न विचारता कोंबड्यांना घातली, आठ-दहा दिवस घातली. तेव्हाची अंडी आठवडाभर ठेवून फोडली तर बलक शेवाळी हिरवा. सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्यानं तसं होतं, आणि ते कोंबडीलाही बाधतं. मी ते अंडं वाटीत तसंच त्यांच्यासमोर ठेवलं. काही बोलले नाहीत, पेंड घालणं तेवढं थांबलं. पण पंगतीतलं वाक्य थांबलेलं नाही.

उन्हाळ्यात खाणं सकाळी सातच्या आत आणि पाचनंतर, पाणी दिवसातून तीनदा बदला. दुपारी त्या खातच नाहीत.

अंड्यांचं म्हणाल तर महिन्याच्या हिशोबात धरू नका. माझ्या सातांपैकी चौघींनी आल्या आल्या पिसं झाडायला घेतली आणि दोन-अडीच महिने एकही अंडं दिलं नाही. नंतर पाच जणी देऊ लागल्या, दिवसाआड कधी, कधी दोन दिवसांआड. दोघींनी परत कधीच दिलं नाही, त्यांनाही तेवढंच खायला घालते. शेडमध्ये शेवटी कुठलं औषध चालू होतं ते मालकाला विचारून घ्या आणि त्या औषधाची मुदत संपेपर्यंत अंडी खाऊ नका.

आणि हो, तुमच्या घरी गावरान कोंबड्या असतील तर तीन आठवडे यांना वेगळं ठेवा. मी ठेवल्या नाहीत, मानमोडी आली नाही हे नशीब. मी कोंबडी चिरली तसं तुम्ही करू नका. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच परभणीजवळच्या मुरुंबा गावात बर्ड फ्लू निघाला होता. एकदम दोन-तीन मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथंही विचारता येतं.

तुमच्या आठांची वरची चोच किती छाटलेली आहे ते आज उजेडात नीट बघा आणि इथंच खाली लिहा. खालची चोच करंगळीच्या नखाएवढी पुढं असेल तर भरडसुद्धा महिन्यात जमणार नाही, तेव्हा मॅशची दोन पोती आधीच आणून ठेवा.